अन्नछत्राशेजारची खाणावळ

सोलापुरात आमची दहा-बारा माणसांची कंपनी आहे. दवाखाने, क्लासेस, ट्रान्सपोर्टवाले, मंगल कार्यालयं यांच्या फोनची व्यवस्था आम्ही लावून देतो. एकच नंबर, त्यावर एकाच वेळी चार-पाच जणांचे फोन आले तरी कोणाला एंगेज लागत नाही. एकाने उचलला नाही तर फोन आपोआप दुसऱ्याकडे जातो. दिवसभरात कोणाकोणाचे फोन राहून गेले त्याची यादी संध्याकाळी मालकाला मिळते. याचं आम्ही महिन्याला भाडं घेतो. पतसंस्थेचं कर्ज काढून उभा केलेला हा धंदा जरा मार्गी लागत होता, तेवढ्यात २०१८ च्या जानेवारीत व्हॉट्सॲप बिझनेस आलं. दुकानाचं नाव, पत्ता, वेळ, रात्री कोणी काही विचारलं तर आपोआप जाणारं उत्तर, सगळं फुकट. व्हॉट्सॲप विकत घ्यायला २०१४ साली फेसबुकने १९ अब्ज डॉलरचा सौदा केला होता. ती ताकद आता आमच्या गिऱ्हाइकाच्या खिशात येऊन बसली. भाड्याचं बोलायला गेलं की एकच वाक्य कानावर यायचं, "ओ मॅडम, हे तर फुकट मिळतंय की!"

आम्ही टिकलो. आमच्यासारख्या बऱ्याच जणांना टिकता आलं नाही, आणि त्यात हुशार, कष्टाळू माणसं होती. इंजिनिअरिंगची मुलं-मुली आपापल्या कल्पना घेऊन भेटायला येतात तेव्हा त्यांना जे सांगते, ते इथे मांडते.

१. फुकटाशी भावात भांडू नका

अक्कलकोट आमच्यापासून तासाभरावर. तिथल्या अन्नछत्रात रोज हजारो माणसं जेवतात, पैसा पडत नाही, आणि जेवण चांगलं असतं. तरी बाहेरच्या खाणावळी चालतात. ज्याच्या कडेवरच्या पोराला तिखट चालत नाही, ज्याची एसटी सुटायला वीस मिनिटं उरलीत, ज्याला पंगत उठेपर्यंत थांबवत नाही, तो पैसे देऊन बाहेर जेवतो. खाणावळवाल्याने उद्या भाव निम्मा केला म्हणून अन्नछत्रातलं एकही माणूस उठून त्याच्याकडे येणार नाही. आमच्या ओळखीच्या दोघांनी तेव्हा दर पाडले. पाडून पाडून किती पाडणार? वर्षभरात त्यांना सर्व्हरचं भाडं निघेना. आम्ही दर तोच ठेवला आणि त्या पैशांत काय मिळतं ते वाढवलं.

अमेरिकेत हे आमच्या आधी घडून गेलंय. गूगलने २००७ मध्ये ग्रँडसेंट्रल नावाची छोटी कंपनी घेतली आणि २००९ मध्ये गूगल व्हॉइस आणलं. एक फुकट नंबर. तो घरी, ऑफिसात, मोबाइलवर एकदम वाजणार. पुढच्या वर्षी जीमेलमधून अमेरिका-कॅनडात फुकट फोनही लागायला लागले. छोट्या धंद्यांना नंबर भाड्याने देणाऱ्या ग्रासहॉपर आणि रिंगसेंट्रल तेव्हाच बुडतील असं कोणालाही वाटलं असतं. रिंगसेंट्रल २०१३ मध्ये शेअर बाजारात आली. ग्रासहॉपर २०१५ मध्ये सिट्रिक्सने विकत घेतली. गूगलचा नंबर एका माणसासाठी होता. या दोघी ऑफिसला नंबर देत होत्या, जिथे विक्रीचा फोन एकीकडे आणि बिलाचा फोन दुसरीकडे जावा लागतो. त्या फरकाचे लोक आनंदाने पैसे देत होते.

२. फुकट देणाऱ्याला काय हवंय ते शोधून काढा

अमेरिकेत ४११ ला फोन केला की दुकानांचे नंबर सांगत आणि त्याचे पैसे बिलात लागत. जिंगल नेटवर्क्स या छोट्या कंपनीने २००५ मध्ये तीच माहिती एक जाहिरात ऐकवून फुकट द्यायला सुरुवात केली. २००७ मध्ये गूगलने गूग-४११ आणलं. पैसे नाहीत आणि जाहिरातही नाही. आता याच्याशी लढायचं कसं? पण गूगलच्या लोकांनी तेव्हाच उघडपणे सांगितलं होतं, की त्यांना यातून माणसांचे आवाज हवेत, संगणकाला बोलणं कळायला शिकवण्यासाठी. ते काम झालं आणि २०१० च्या नोव्हेंबरमध्ये सेवा बंद केली. जिंगल तेव्हा चालू होती. पुढच्या वर्षी मार्चेक्स कंपनीने ती विकत घेतली.

आम्ही हाच प्रश्न व्हॉट्सॲपच्या बाबतीत विचारला. उत्तर शोधायला फार कष्ट पडले नाहीत. २०१८ च्याच ऑगस्टमध्ये त्यांनी मोठ्या कंपन्यांसाठी पैसे घेणारी वेगळी सेवा काढली. २०२२ मध्ये संभाषणामागे दर लावला, २०२५ च्या जुलैपासून निरोपामागे. म्हणजे कमाई बँका, विमान कंपन्या, मोठी दुकानं यांच्याकडून व्हायची. यावरून एक गोष्ट आम्हाला स्वच्छ दिसली. फुकटचं ॲप एकट्या दुकानदाराच्या सोयीचं राहणार. आठ माणसांत काम वाटून द्यायचं, कोणी किती गिऱ्हाइकांना उत्तर दिलं ते मोजायचं, जुन्या पेशंटचा फोन त्याच्या नेहमीच्या डॉक्टरकडेच पाठवायचा, हे सगळं त्यात भरून दिलं तर पैशांची सेवा घेईल कोण? आम्ही आमचं बिऱ्हाड नेमकं त्या जागेत हलवलं.

३. दरातल्या फटीवर इमला बांधू नका

हा धडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो फुकट देणारा यायच्या आधी शिकावा लागतो.

मिस कॉलचा एक जमाना होता. फोन करायला पैसे पडायचे, मिस कॉलला पडायचे नाहीत. या एवढ्याशा फरकावर आपल्या देशात मोठमोठी कामं झाली. अण्णा हजारेंच्या २०११ च्या आंदोलनाला लोकांनी मिस कॉल देऊन पाठिंबा कळवला. त्यामागे बंगळुरूची झिपडायल ही छोटी कंपनी होती. २०१५ च्या जानेवारीत ट्विटरने ती विकत घेतली. आमच्याकडेही बार्शी, मोहोळ, माढा या भागातली कृषी सेवा केंद्रं होती. शेतकऱ्याने मिस कॉल द्यायचा, त्याला एसएमएस जायचा: युरिया आलाय, डीएपी उद्या येईल, बियाण्याचा अमुक दर. दुकानदाराचा फोन मोकळा राहायचा आणि शेतकऱ्याची खेप वाचायची.

मग २०१६ च्या ५ सप्टेंबरला जिओ आलं आणि बोलणंच फुकट झालं. यामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे. एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर कॉल गेला, की पहिलीने दुसरीला मिनिटामागे पैसे द्यायचे असत. हा दर १४ पैसे होता. २०१७ च्या ऑक्टोबरपासून तो ६ पैसे झाला आणि २०२१ च्या १ जानेवारीपासून शून्य. ज्या खर्चामुळे माणूस मिस कॉल देत होता तो खर्चच उरला नाही. पाहता पाहता शेतकरी मिस कॉल द्यायचे बंद झाले. ते सरळ फोन लावून विचारू लागले, "मालक, युरिया आलाय का? किती पोती ठेवताय?" एसएमएसमधल्या दरापेक्षा त्यांना मालकाचा शब्द हवा होता, आणि तो आता फुकट मिळत होता.

झिपडायल योग्य वेळी विकली गेली, हे त्यांचं कौतुकच. पण नव्याने धंदा काढणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा: उद्या हा दर शून्य झाला तर माझं काय उरेल? आमच्याकडे उरली ती फोन करणाऱ्यांची यादी, कोणत्या गावातून किती फोन आले त्याची नोंद, आणि दुकानदाराला ती नोंद वाचायची लागलेली सवय. पुढचं सगळं आम्ही त्यावर उभं केलं.

४. जिथे सगळ्यांनी असावं लागतं तिथे जाऊ नका

हाइक आठवतं? २०१२ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेलं भारतीय मेसेंजर. पैसा होता, मोठ्या घराण्याचं पाठबळ होतं, २०१६ पर्यंत दहा कोटी वापरणारे झाले होते. २०२१ च्या जानेवारीत ते बंद झालं. निरोपाचं ॲप ज्याच्याकडे आपली सगळी माणसं आहेत त्याचंच चालतं. उरलेल्यांनी कितीही चांगलं बनवलं तरी. गूगललासुद्धा हे जमलं नाही, त्यांचं ॲलो २०१६ च्या सप्टेंबरमध्ये आलं आणि २०१९ च्या मार्चमध्ये गेलं. साध्या फोनचं तसं नाही. कोणत्याही कंपनीच्या फोनवरून कोणत्याही नंबरवर कॉल लागतो, समोरच्याने काही डाउनलोड करावं लागत नाही. छोट्या माणसाने अशा सामाईक व्यवस्थेवरच धंदा मांडावा.

५. फोन कोण करतंय ते जाऊन बघा

पंढरपुरात आमच्याकडे एक बालरोगतज्ज्ञ आहेत. त्यांच्या दवाखान्यात संध्याकाळी सहा वाजता उभं राहून बघावं. रिसेप्शनच्या ताई एका हाताने केस पेपर लिहितायत, खांद्यात फोन धरलाय, समोर तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन बाई उभी आहे, आणि टेबलावरचा दुसरा मोबाइल व्हॉट्सॲपच्या निरोपांनी सारखा थरथरतोय. ते निरोप ताई रात्री नऊला बघतात. तोवर ज्याने विचारलं तो दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन आलेला असतो.

आता फोन करणारे कोण? मंगळवेढ्याच्या, सांगोल्याच्या खेड्यांतल्या आज्या. हातात बटणाचा फोन. लेकरू मांडीवर. त्या टाइप करणार नाहीत, नावही सांगणार नाहीत. "बाई, कितवा नंबर चाललाय?" एवढंच विचारतात, कारण तीस-चाळीस किलोमीटर येऊन दोन तास बसायला लागू नये ही त्यांची सगळ्यांत मोठी अडचण असते.

आम्ही तिथे आधी स्टुडिओतला आवाज लावला होता: आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा. निम्मी माणसं तेवढ्यावरच फोन ठेवत. त्यांना वाटायचं कंपनीची जाहिरात लागली. मग ताईंच्याच आवाजात रेकॉर्ड केलं: "दवाखान्यातून बोलतेय. समोर पेशंट आहेत, फोन ठेवू नका, घेतेच." लोक थांबायला लागले. पुढे ताईंच्या टेबलावर एक बटण दिलं. पेशंट आत गेला की बटण दाबायचं. फोन करणाऱ्याला ताईंच्याच आवाजात ऐकू येतं, "आत्ता सतरावा नंबर आत गेलाय." आजी हिशेब करते, आणि त्यानुसार लेकाला गाडी काढायला सांगते. ताईंना फोन उचलायचीसुद्धा गरज पडत नाही.

यात तंत्रज्ञान काय आहे? ॲस्टेरिस्क नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, १९९९ पासून जगभर वापरात आहे. एक फोन लाइन आहे. बाकी सगळं त्या टेबलाशेजारी उभं राहून सुचलेलं. कॅलिफोर्नियात बसलेल्या हजार इंजिनिअरांना हे अवघड नाही; ते फक्त पंढरपूरच्या त्या दवाखान्यात कधी येणार नाहीत. तुम्ही जाऊ शकता. म्हणून मी मुलांना लॅपटॉप उघडायच्या आधी गिऱ्हाइकाच्या काउंटरवर बसायला पाठवते. आमच्याकडे नवा इंजिनिअर लागला की त्याचा पहिला आठवडा तिथेच जातो.

६. फुकटाला जे महाग पडतं तिथे तुमची जागा

गूगल व्हॉइसचीच आणखी एक गोष्ट. अमेरिकेतल्या काही ग्रामीण फोन कंपन्या त्यांच्याकडे येणाऱ्या कॉलचा जबर दर लावत. गूगल व्हॉइसने अशा नंबरांवर कॉल लावणं बंद केलं. एटी अँड टीने २००९ मध्ये सरकारकडे तक्रार केली, की आम्हाला कायद्याने हे कॉल जोडावेच लागतात, मग यांना सूट का? गूगलचं उत्तर होतं की आम्ही टेलिफोन कंपनी नाही, आणि अडवलेले नंबर शंभराहून कमी आहेत. कोण बरोबर, तो वाद बाजूला ठेवू. धंद्याच्या दृष्टीने दिसतं ते असं, की प्रत्येक कॉलचा खर्च जवळजवळ शून्य असेल तोवरच फुकट सेवा चालते. खर्च लागला की ती हात आखडता घेते.

आपल्याकडे असा खर्च माणसाच्या वेळेचा असतो. दुकानाला एसएमएस पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार डीएलटी नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेत नोंदणी लागते. पॅन, जीएसटी, लेटरहेडवरचं अधिकारपत्र, हेडर म्हणजे निरोपावर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव, मग प्रत्येक निरोपाचा मसुदा मंजूर करून घ्यायचा. मराठी मसुद्यात एखादं चिन्ह इकडचं तिकडे झालं तर निरोप जात नाही. कासेगावच्या मंगल कार्यालयवाल्याने हे सगळं कुठे शिकायचं? आमची एक मुलगी जाऊन त्याच्या शेजारी बसते आणि करून देते. इंटरनेटवरचे कॉल साध्या फोनला कसे आणि कोणी जोडायचे, याचेही आपल्याकडे कडक नियम आहेत. परवानाधारक कंपनीची लाइन घेतल्याशिवाय हे काम करता येत नाही. नियम म्हणजे कटकट असं समजू नका. ते पाठ असलेला माणूस तालुक्याच्या गावात मिळत नाही, म्हणून लोक तुमच्याकडे येतात.

७. तुमचा स्वतःचा फोन तुम्ही उचला

एका क्लासचं फुकट सेवेवरचं खातं ऐन बारावीच्या निकालानंतर, प्रवेशाच्या दिवसांत बंद पडलं. कोणती सेवा ते इथे महत्त्वाचं नाही. सरांनी अर्ज भरला, पुन्हा भरला. उत्तर आलं ते यंत्राचं. विचारायला नंबर नाही, ऑफिस नाही, माणूस नाही. ते आमचे ग्राहकही नव्हते, तरी संध्याकाळी ऑफिसात येऊन बसले, कारण फोनविषयी ज्याला विचारता येईल असं गावात दुसरं कोणी नव्हतं. त्यांच्या जुन्या नंबरावर येणारे कॉल रात्रीतून आमच्या व्यवस्थेवर वळवून दिले.

सेवा सगळ्यांच्याच बंद पडतात. २०२१ च्या ४ ऑक्टोबरला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद होतं. आमचीही लाइन कधी तुटते, केबल कोणी खोदून टाकतं. फरक एवढाच, की आमच्याकडे बंद पडलं तर ग्राहक फोन करून ओरडू शकतो, आणि "अर्ध्या तासात सुरू होतंय" असं सांगायला पलीकडे आमचं माणूस असतं. लोक भाडं देतात ते बऱ्याच अंशी याच एका गोष्टीचं. हे ज्याला कमीपणाचं वाटतं त्याने या धंद्यात पडू नये.

८. मोठ्याच्या वाटेने जायलाही हरकत नाही

गपशप ही कंपनी बघा. फुकट ग्रुप एसएमएसने भारतात नावारूपाला आली, नंतर कंपन्यांचे निरोप पोचवण्याच्या कामाकडे वळली, आणि व्हॉट्सॲपची पैशांची सेवा आल्यावर तीच सेवा धंद्यांना जोडून देणाऱ्यांत पुढे गेली. २०२२ मध्ये तिने फोनच्या क्षेत्रातली नोलॅरिटीही घेतली. आम्हीही आता व्हॉट्सॲपचे निरोप आमच्या यादीला जोडून देतो. फक्त ग्राहकाची यादी आणि फोन नंबर त्या वाटेवर ठेवत नाही. वाटेचा दर वर्षभरात बदलू शकतो, आणि बदलला आहे.

९. ज्याला फुकट पुरतं त्याला तसं सांगा

जुळे सोलापुरातल्या एक शिवणकाम करणाऱ्या ताई आमच्याकडे नंबर घ्यायला आल्या. दिवसाला पाच-सहा फोन, एकटीचं काम. त्यांना मी व्हॉट्सॲप बिझनेस टाकून दिलं, ब्लाउजच्या डिझाइनचे फोटो कसे लावायचे ते दाखवलं आणि चहा पाजून पाठवलं. फुकट सेवा वाईट असतात असं मी कधीच म्हणत नाही. लाखो छोट्या माणसांचं त्यांनी भलं केलंय. आपल्याला न लागणारी गोष्ट जो विकत नाही, त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात. त्या ताईंनी नंतर आमच्याकडे पाठवलेले दोन दवाखाने आजही भाडं भरतात.

आता दोन शब्द दुकानदारांसाठी, दवाखान्यांसाठी. तुम्ही आमच्याकडे या, दुसऱ्याकडे जा किंवा फुकटचं वापरा. पाटीवर आणि कार्डावर छापायचा नंबर तुमच्या स्वतःच्या नावावरचा मोबाइल नंबर असू द्या. मोबाइल नंबर पोर्ट होतो. सेवा देणाऱ्याने दिलेला व्हर्च्युअल नंबर बहुतेक वेळा त्याच्या नावावर असतो आणि तो सोडला की गेला. आपल्या नंबरावरचे कॉल हवे तिकडे वळवता येतात, उद्या नको झालं तर परत आणता येतात. आणि तुम्हाला फोन करणाऱ्यांची यादी दर महिन्याला मागून घ्या, आमच्याकडूनही. ती तुमची आहे.